दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

सोमवार, ३ मार्च
१०२२११७. काकांच्या यादीत ही मूळ संख्या आहे — एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही अशी. आणि माझ्या कागदावर भाग जातोय! बाकी शून्य. चुकले असेन मीच. दहा लाख ते साडेदहा लाखांमधल्या सगळ्या मूळ संख्या काकांनी बेचाळीस वर्षं हाताने भागून काढल्यात. मला नववीत गणितात जेमतेम पस्तीस!

छापखान्यात माझं काम काकांच्या या यादीची प्रुफं ताडून बघायचं. भागायला कुणी सांगितलं नव्हतं. खोड माझी.

मंगळवार, ४ मार्च
पुन्हा तेच. १००९ गुणिले १०१३. उलटं गुणलं, सुलटं गुणलं. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. हजार ओलांडलं की पहिलीच, १००९ — आणि तिने भाग गेला! काका हजाराशीच थांबले? काका? छे!

मालक म्हणतात, "बाई, सोमवारी छपाईला जायचंय. आकड्यांत काय एवढं वाचताय?"

बुधवार, ५ मार्च
काही सुचत नाही. सांगावं तर काकांचं हृदय नाजूक. डॉक्टरांनी बजावलंय — धक्का नको. न सांगावं तर त्यांच्या नावाखाली चूक छापायची. तीही माझ्या सहीने!

गुरुवार, ६ मार्च
विषम. मूळ नाही, म्हणजे संयुक्त. वर्ग? १०११ चा वर्ग केला — फक्त चार जास्त! स्वतःला सोडून विभाजक तीनच, बेरीज २०२३. म्हणजे न्यून संख्या — विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी. एवढ्या मोठ्या आकड्याच्या पोटात एवढंसंच! पण इतका देखणा आकडा काकांच्या हातून निसटेलच कसा? आणखीच गोंधळले.

शनिवार, ८ मार्च
काल गेले एकदाची. काकू दारातच — "जा, बसलेत आकड्यांत. जेवायला हाका मारून माझा घसा बसला."

कागद पुढे ठेवला. काका खो खो हसायला लागले. मी घाबरून औषधाची डबी शोधायला लागले!

"अगं, मुद्दाम ठेवलीय ती! यादीत एकच. कोण खरंच भागतं आणि कोण नुसती मान डोलावतं ते बघायला. दोन प्राध्यापक 'अचूक' असं लिहून देऊन गेले. तूच पहिली, पोरी! आता टाक काढून. बाकी सगळं चोख आहे."

मला रडूच फुटलं. किती हलकं वाटतंय!

रविवार, ९ मार्च
सहज, चाळा म्हणून मधलंच एक पान घेतलं. १०३१४०१. सातने भाग जातो. सातने!

तशीच काकांकडे धावले. त्यांनी स्वतः सातने भागून बघितलं. मग म्हणाले, "हीसुद्धा मुद्दामच." माझ्याकडे बघितलं नाही.

"हो काका," म्हटलं. घरी आले. पहिल्या पानापासून भागायला बसलेय.