दप्तरखान्याची सूची

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, अविवाहित, पूर्वीच्या प्रांताच्या दप्तरखान्यातील निवृत्त अभिलेखपाल, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत.

१. राहते घर भाचीला. तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, नाही. तिला पुष्कळ मिळाले आहे: कॉलेज, वडिलांचे घड्याळ आणि नाव. वडील म्हणाले होते, "थोरली नोकरी करेल, धाकटी शिकेल." ती माझ्या पगारावर शिकली.

२. बँकेतील ठेव दप्तरखान्याच्या शिपायाच्या विधवेला. प्रांत विलीन झाला त्या आठवड्यात कापडात बांधलेले कागदांचे चार हजार रुमाल आम्ही दोघांनीच राजधानीच्या लॉऱ्यांत चढवले. तिकडे ते उंचीप्रमाणे रचले म्हणे.

३. लोखंडी कपाटात हिरव्या पुठ्ठ्याची वही आहे. कोणत्या रुमालात काय, हे फक्त तीत आहे. पावती द्यायला कोणी तयार होईना, म्हणून मी ती लॉरीत चढवली नाही. तेव्हाचे कारण एवढेच.

बहीण प्रांताचा इतिहास लिहायला बसली तेव्हा आली. "ताई, सूची कुठंय गं? तिच्याशिवाय तिथं नुसती आंधळी कोशिंबीर आहे."

"गेली असेल लॉरीबरोबर."

तिने लिहिले की शेवटच्या वर्षांचे कागद सापडत नाहीत, पण प्रांत राजीखुशीने विलीन झाला असावा. आता शाळेत तेच शिकवतात. खरे तर प्रांताच्या सभागृहाने विलीनीकरणाला दोनदा नकार दिला होता. रुमाल क्रमांक सव्वीसशे चौदा. पुस्तकाला पारितोषिक मिळाले. ऋणनिर्देशात माझे आभार आहेत, चहाबद्दल. त्या दिवशी मी चहा केलाही नव्हता.

तिच्याकडे नाही असे माझ्याकडे एवढेच होते. चौतीस वर्षे ते मी उपभोगले.

वही माझ्या मृत्यूनंतर तिला द्यावी, असे आधी लिहिले होते. अंमलबजावणीसाठी नेमलेले शेजारचे बाइंडर वाचून म्हणाले, "ताई, त्या तुमच्या आधी गेल्या तर?"

"तर जाळा."

"जाळतो की. पण वहीबरोबर सभागृहाचा नकारही जाईल. तो काय तुमच्या बहिणीनं दिला होता?"

मी त्यांना बाहेरची वाट दाखवली. आज पुन्हा बोलावले आहे.

तरी तिसरे कलम असे वाचावे: वहीला माझ्या मरणाची अट नाही. सह्या होताच बाइंडरांनी ती बहिणीच्या हातात द्यावी आणि कोणी लपवली होती तेही सांगावे. ती भांडायला आली तर मी घरीच आहे.

सही: थोरली

साक्षीदार: समोरचे डॉक्टर, तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाई
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा