शिक्षणाचा रकाना

रामबाग, नागपूर
९ जुलै २०२४

चि. सौ. भावना हिस,
सिंधूवहिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे मी आणि प्रीती बऱ्या आहोत. तुझ्याकडे धानाची रोवणी सुरू झाली असेल, म्हणून पत्र छोटं लिहीन म्हणते, पण ते होणार नाही. फोन करत नाही, कारण खोली एकच आहे आणि हे पोरीच्या कानावर जायला नको. म्हणून उत्तरही घरच्या पत्त्यावर पाठवू नको. पाकिटावर शेजारच्या इंदूबाईचं नाव घाल. मी तिला सांगून ठेवलं आहे की नणंदेच्या घरची काही भानगड आहे. माफ कर, भानगड माझीच आहे.

दवाखान्यातलं काम मे महिन्यात सुटलं हे तुला ठाऊक आहे. धंतोलीतल्या त्या एकाच दवाखान्यात सतरा वर्षं मी आयाबाई होते. आता आमचं सगळं काम एका कंपनीला दिलं आहे आणि कंपनी माणसं मोबाईलवरून घेते. ज्या गेटातून रोज आत जात होते, त्याच गेटावर मला सांगितलं की बाई, ऑनलाइन अर्ज करा.

प्रीतीने माझं नाव तीन ठिकाणी टाकलं. मोबाईलवर आमच्या कामाला पेशंट केअर असिस्टंट म्हणतात. पहिले आठ दिवस मी ते वाचून पुढे सरकवत होते. हे आपलंच काम आहे हे मला कळलंच नाही. मग अर्ज सुरू केले. एक्केचाळीस झाले. नागपुरात तातडीने पाहिजे असं लिहिलेलं असतं आणि फोन लावला की पुण्याला जाल का विचारतात. कुठे वय पस्तिसाच्या आत पाहिजे. एका ठिकाणी स्वतःबद्दल तीस सेकंदांचा व्हिडिओ मागितला. प्रीतीने दोरीवरचे कपडे काढले आणि मला भिंतीपुढे उभं केलं. मी माझं नाव सांगितलं, मग तुझ्या दादाचं सांगितलं, आणि पुढे काही सुचेना. बावीस सेकंद मी नुसती उभी आहे. प्रीती पोट धरून हसली, मीही हसले.

बाकी ठिकाणी अर्ज पाहिला असं हिरव्या अक्षरांत येतं आणि त्यानंतर काहीच येत नाही. नाही असंही कोणी म्हणत नाही. दवाखान्यात माणूस गेला तरी कोणीतरी बाहेर येऊन सांगतं.

आता खरं लिहिते. फॉर्म भरताना प्रीतीने माझी जन्मतारीख विचारली, आधार नंबर विचारला. शिक्षण विचारलं नाही. दहावी पास लिहून मोकळी झाली, कारण तिला तेच माहीत आहे. ती पहिलीत गेली तेव्हा शाळेच्या फॉर्मवर आईच्या शिक्षणापुढे तुझ्या दादाने दहावी लिहिलं होतं. मी टोकलं तर म्हणाले की काहून घाबरते, वाचता येते नं तुले, मग ते काय मोजून पाहणार आहेत. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मात दहावी. पोरीने मला रोज पेपर वाचताना पाहिलं, वाचनालयातून पुस्तकं आणताना पाहिलं. तिला शंका का यावी? तू शाळेत गेलीस की तुझी जुनी पुस्तकं चुलीपाशी उघडून मी अक्षरं जुळवली, हे तिघांनाच माहीत. त्यातले ते गेले. आपल्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, पोटच्या पोरीला कसं सांगू की तुझ्या आईने शाळेची पायरीही चढली नाही?

त्या कंपनीचा फोन आला. काम देतो म्हणाले, फक्त दहावीची गुणपत्रिका वीस ऑगस्टच्या आत जमा करा. भावना, तुझी गुणपत्रिका मला पाठव. माहेरच्या नावाची आहे, आडनाव आपलं रामटेकेच. पुढचं नाव बदलून झेरॉक्स काढून देणारे इथे आहेत म्हणतात. एवढं लिहायला मला तीनदा पेन खाली ठेवावा लागला.

केशव जावयांना यातलं काही सांगू नको. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
सिंधूवहिनी


पारशिवनी
१८ जुलै २०२४

ती. सिंधूवहिनींस,
भावनाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. इंदूबाईच्या नावाचं पाकीट लिहिताना असं वाटलं की मी चोरून कोणाचं लग्न जमवून राहिली. यांनी पाहिलंच. विचारलं, ही इंदूबाई कोण वं? मी म्हटलं, शिवणकामाचा नमुना मागवते आहे. आता एक झंपर शिवून दाखवावं लागते.

रोवणी अर्धी झाली. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर सारा वेळ मोबाईल पाहतात. सासूबाईंचा गुडघा पुन्हा सुजला आहे आणि त्या तो दाखवत नाहीत, फक्त मोठ्याने कण्हतात. तुमचा व्हिडिओ मला पाठवायला प्रीतीला सांगा. बावीस सेकंद तुम्ही गप्प उभ्या राहिल्या हे पाहिल्याशिवाय मी मानणार नाही.

गुणपत्रिकेचं म्हणाल तर ती सापडून नाही राहिली. इथल्या पेटीला मागच्या साली उधई लागली होती, त्यात गेली असेल. आणखी एकदा पाहते. पण वहिनी, मला हे काम बरं वाटत नाही. माझ्या पत्रातल्या चुकांखाली लाल रेघा मारून पत्र परत पाठवणाऱ्या तुम्ही, खोटा कागद घेऊन कोणापुढे उभ्या राहाल? पकडल्या गेल्या तर प्रीतीच्या कॉलेजातही कळेल. तिला सांगूनच टाका. तुम्हाला दहावीचा काय उपयोग, ती पास होऊन तरी कोणाचं काय भलं झालं? आमच्याकडे पाहा.

बाकी ठीक. तुमची माया अशीच सावलीसारखी राहो.

तुमची,
भावना


रामबाग, नागपूर
३० जुलै २०२४

चि. सौ. भावना हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र इंदूबाईने पदराखाली झाकून आणून दिलं. तिला वाटतं की तुझं आणि जावयांचं बिनसलं आहे. तिने तुझ्यासाठी एक डॉक्टरही सुचवला आहे. कशासाठी ते मी विचारलं नाही.

तू नको म्हटलंस तरी मी गेले. मेडिकलच्या चौकापलीकडे एका गाळ्यात कॉम्प्युटरचं काम चालतं. श्वेता नावाची बाई बसते, प्रीतीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मी चप्पल बाहेर काढून आत गेले, जशी दवाखान्याच्या खोलीत जात होते तशी. काय बोलायचं ते घरून ठरवून नेलं होतं. पण तिने बोलूच दिलं नाही. मान वर न करता तिने विचारलं की आई, टक्के किती पाहिजेत? मी म्हटलं, पास असलं की झालं. ती म्हणाली, पंचावन्न टाकते, फार जास्त नको, तुमच्याकडे पाहून खरं वाटलं पाहिजे.

भावना, ती वाईट बाई नाही. तिने मला बसायला स्टूल दिलं होतं. पण तेवढं ऐकलं आणि मी उठले. अनवाणीच रस्त्यावर आले. चपलांसाठी परत जायची हिंमत झाली नाही. प्रीतीला सांगितलं की चपला वाचनालयाच्या दारातून चोरीला गेल्या. एक खोटं झाकायला दुसरं, आणि तेही वाचनालयावर.

त्याच दुपारी जुनी चप्पल घालून धंतोलीत गेले, कुठे काही चिठ्ठी लागली आहे का ते पाहायला. तुमच्या पारशिवनीकडचे एक म्हातारे गेटापाशी हातात कागद घेऊन उभे होते. मला ओळखलं. सून तिथे भरती होती तेव्हा मी तिच्या औषधांच्या वेळा सांगितल्या होत्या म्हणे. त्यांना कागद वाचून दाखवला, कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगितलं. त्यांनी विचारलं की तुमची ड्यूटी कोणत्या पाळीत आहे. मी रात्रपाळी म्हणून सांगितलं. या वयात मला खोटं इतकं सहज यायला लागलं आहे.

आणखी एक. उधई तुझ्या पेटीला लागली असेल, पण तू शाळेचे कागद माहेरीच ठेवून गेली होतीस. मामंजींची लोखंडी पेटी माझ्याकडे आहे. परवा मी ती उघडली. तुझ्या दादाची कंडक्टरची शिटी सापडली, तुझा शाळा सोडल्याचा दाखलाही सापडला. दाखला शेवटच्या शेऱ्यापर्यंत वाचला आणि होता तशी घडी घालून ठेवून दिला. आता गुणपत्रिका शोधू नको. मी तुला मागायलाच नको होती.

सासूबाईंच्या गुडघ्याला एरंडाचं पान बांध. राग धरू नको, आणि पत्र थांबवू नको.

तुझी,
सिंधूवहिनी


पारशिवनी
८ ऑगस्ट २०२४

ती. सिंधूवहिनींस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही शेरा वाचला आणि मला एक शब्द लावून बोलल्या नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हो, मी नापास आहे. गणितात अकरा मार्क होते. निकाल आणायला दादा गेला होता. बाबा ओट्यावर वाट पाहत बसले होते, आणि त्यांचं तोंड पाहून दादा म्हणाला की पास झाली. मग पेढे आले. वहिनी, पेढ्यांचं ताट घेऊन घरोघर तुम्हीच फिरल्या. मी दाराआड उभी राहून ते पाहिलं आणि तेव्हाही बोलली नाही. ऑक्टोबरात पुन्हा बस म्हणून दादा किती मागे लागला. मी बसली नाही, कारण नापास लोकांच्या रांगेत कोणी पाहिलं असतं.

म्हणून उधईचं नाव घेतलं. तुम्ही लाज गिळून माझ्यापाशी मागितलं आणि मी तुम्हाला वरून उपदेश केला. दहावी पास होऊन काय भलं झालं, हेही मीच लिहिलं. ते आठवलं की मान वर होत नाही.

परवा यांना सांगून टाकलं. हे फवारणीचा पंप धूत बसले होते. मी सगळं सांगून रडायच्या तयारीत उभी राहिली, तर हे म्हणाले की मले माहीत आहे नं, बाजूले हो, पाणी उडून राहिलं. लग्न ठरलं तेव्हा, साक्षगंधाच्या आधी, दादा एकटा इथे आला होता म्हणे. बांधावर बसून यांना सांगून गेला की मुलगी दहावी नापास आहे, तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच बोला. आणि तिने स्वतः सांगेपर्यंत तुम्हाला माहीत आहे असं दाखवू नका. चोवीस वर्षं हा माणूस माझ्याकडून विजेचं बिल वाचून घेऊन राहिला, आणि गावभर सांगून राहिला की आमच्या घरी दहावी पास आहे. मी दिवसभर अबोला धरला. चोवीस वर्षं मी कोणापासून लपत होती तेच कळेना.

वहिनी, प्रीतीला वीस तारखेच्या आधी सांगा. हा उपदेश नाही. माझ्यासारखं करू नका एवढंच.

मोठेपणाने पदरात घ्या.

तुमची,
भावना


रामबाग, नागपूर
२३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. भावना हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पेढ्यांचं ताट मला आठवतं. त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला होता, तो आज तुला सांगते. तुझ्या दादाचं ते बांधावर येणं मलाही ठाऊक नव्हतं. ते तुझ्या नवऱ्याला सांगून आले, आणि माझ्या पोरीला सांगायचं माझ्यावर सोडून गेले. चार वर्षं झाली त्यांना जाऊन, अजून असा एखादा कागद उघडतो आणि त्यांच्याशी भांडावंसं वाटतं.

अठरा तारखेला रविवार होता. प्रीती केस धुऊन बसली होती. मी तांदूळ निवडायला घेतले, कारण हातात काही असलं की बोलता येतं. सांगितलं. शाळेत गेले नाही, एक दिवसही नाही. ती आधी हसली, तिला वाटलं की मी त्या व्हिडिओसारखं काही करते आहे. मग हसायची थांबली. बाबांना माहीत होतं का, एवढं विचारलं. हो म्हटलं. आत्याला? हो. मग मलेच नाही, असं म्हणाली आणि ओले केस तसेच बांधून बाहेर गेली. माझे तांदूळ दोनदा निवडून झाले.

संध्याकाळी आली. जेवली नाही. श्वेताच्या गाळ्याचं, चपलांचं, सगळं मी सांगून टाकलं, कारण आता अर्धं ठेवून काय करायचं. मला वाटलं ती खोटेपणाबद्दल बोलेल. तिने तोंडावर हात घेतले आणि म्हणाली की आई, मी बारा वर्षांची होती तेव्हापासून तुझे फॉर्म मी भरून राहिली, बँकेचा, रेशनचा, गॅसचा. एकदाही तुला विचारलं नाही. तिला लाज वाटत होती, भावना, स्वतःची. मी माझ्या लाजेत इतकी बुडालेली की तिच्याकडेही ती असेल हे मला सुचलं नव्हतं.

मग तिने मोबाईल काढला आणि कंपनीचा अर्ज पहिल्यापासून उघडला. भरलेला होता तरी एकेक रकाना पुसून मला विचारू लागली, सरकारी माणूस विचारतो तसं. नाव काय? सिंधू प्रेमानंद रामटेके. जन्मतारीख? सांगितली. शिक्षणापाशी आली तेव्हा मान खाली घालून थांबली, पण स्वतः काही लिहिलं नाही. मी सांगितलं, शाळेत गेले नाही. तिथे तसं लिहायची सोय नाही. सगळ्यात खालचा पर्याय दहावीपेक्षा कमी असा आहे. तिने तो दाबला.

मिनिटाच्या आत उत्तर आलं की आपण या कामासाठी पात्र नाही. साडेतीन महिन्यांत कोणी मला नाही म्हणायचे कष्ट पहिल्यांदाच घेतले. आम्ही दोघी त्या उत्तराकडे बघत बसलो आणि मग तिने ताट वाढून घेतलं.

तेव्हा ते काम गेलं. प्रीतीने बाकीचे अर्जही तसेच दुरुस्त केले आहेत, त्यामुळे आता मला कळमेश्वरच्या कारखान्यात झाडायचं आणि लोकांच्या घरी भांड्यांचं काम दाखवतात. रुग्णाच्या उशापाशी बसायचं काम दाखवत नाहीत. सतरा वर्षं कुठल्या रकान्यात घालायची ते आम्हाला अजून सापडलेलं नाही. सोमवारी प्रीतीला घेऊन पायीच निघणार आहे, धंतोलीतल्या एकेका दवाखान्यात. ती बोलते म्हणाली. मी म्हटलं की मी बोलेन, तू फक्त सोबत राहा. बोलता येईल का ते माहीत नाही. त्या भिंतीपुढे उभी होते तसं होऊ नये म्हणजे झालं.

चपला प्रीतीनेच त्या गाळ्यातून आणल्या. श्वेताने त्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या.

जावयांना जयभीम सांग. सासूबाईंना गुडघा दाखवायला इकडे घेऊन ये, खिडकी कोणती ते मला माहीत आहे. लोभ जसा आहे तसा असू दे, तेवढा मला पुरतो.

तुझी,
सिंधूवहिनी

ता. क. हे पत्र प्रीतीने वाचलं आहे आणि तीच पेटीत टाकणार आहे. उत्तर आता घरच्या पत्त्यावर पाठव.