बंदर असलेलं शहर

चाचा, पॅरिसला जायचं नाही. का म्हणून विचारू नका. तिथे बंदर नाही, तुमचं जहाज तिथे कधी लागलं नाही, आणि लोखंडी मनोरा बघायला रांगेत उभं राहण्याइतका माझ्या मानेत जीव उरला नाही. माद्रिद नाही, प्राग नाही. माझा रूममेट रोज नवीन शहर काढतो. रूममेट म्हणजे इथल्या दवाखान्यातला कंपाउंडर, सोलापूरचा. जेद्दाला एवढी वर्षं आम्ही एका खोलीत काढली, लोक रूममेट म्हणतात, आम्हीपण तेच म्हणतो. आता दोघांचा फायनल एक्झिट लागतोय, कायमचं परत जायचं. गावी जायच्या आधी युरोप बघायचं ठरलंय. तो म्हणतो, दिवसा म्युझियम, किल्ले, जुनी चर्चं, आणि रात्री, पुरुष पुरुषांबरोबर नाचतात ते क्लब. बर्लिनला म्हणे सगळ्यात भारी. मी म्हटलं, "बर्लिनला समुद्र आहे काय?" तर म्हणतो, "तुला नाचायचंय का मासे धरायचेत?" इथल्या शराफिया बाजारातला तिकीटवाला उद्या व्हिसासाठी शहरांची नावं मागतोय आणि मी अॅम्स्टरडॅमवर अडून बसलोय. का ते त्याला सांगितलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे.

कुवेतची लढाई लागली तेव्हा आपण दम्मामच्या कॅम्पात. तुम्ही मेसचे भंडारी, म्हणजे मुख्य आचारी, त्याआधी अर्धा जन्म जहाजावर रांधलेले. मी सातवी नापास, तुमच्या हाताखाली कांदे सोलणारा. माझं लग्न ठरलेलं, विमानं बंद झाली, सुट्टी रद्द. सगळा कॅम्प माझ्या पाठीवरून हात फिरवतोय, एक तुम्ही सोडून. सायरन वाजतो. इंजिनियर लोकांना गॅसचे मास्क, आपल्याला ओले टॉवेल. स्टोअरच्या दाराखाली गोणपाट कोंबून आपण दोघे कांद्याच्या गोण्यांवर बसतो, आणि तुम्ही म्हणता, "लग्न राहिलेला माणूस दोनदा भात मागून खातो काय रे?" मी ओला टॉवेल पिळत बसतो. "पोरगी आवडत नाय?" मी म्हणतो, पोरगीत काय वाईट नाय. "मग?" मी टॉवेल तोंडावर धरला. तुम्ही ओरडलात, "अजून गॅस आला नाय, काढ तो टॉवेल!"

मग तुम्ही जहाजावरचं काढलंत. अॅम्स्टरडॅमला धक्क्यापासून चालत जाण्यासारखी एक गल्ली, गल्लीत एक बार, आत बाप्ये बाप्यांबरोबर नाचतात. मला वाटलं, आता शिवी येणार. तर म्हणालात, "त्यात दोघे म्हातारे होते. केस पांढरेफेक. एकाने दुसऱ्याचा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला आणि नाचायला लागले. कोण बघतपण नव्हतं." मी विचारलं, तुम्ही आत कशाला गेलात? "मी कुठे आत? बाहेर दगडी पायरीवर उभा होतो. आत लाकडी जमीन, नाचताना पायाखाली अशी थरथरते." हाताने दाखवलंत, आणि सायरन संपायच्या आधीच डाळ बघायला उठलात.

तोवर माझ्यासारखा माणूस म्हातारा होतो हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, लग्न तरी करायचं नाहीतर विहीर तरी जवळ करायची. लढाई संपल्यावर मी घरी कळवलं, पोरीला अडकवून ठेवू नका, मी लग्न करणार नाही. आई वर्षभर बोलली नाही. तुम्हीही त्यावर एक शब्द काढला नाहीत. फक्त माझ्या ताटात सुरमईचा मधला तुकडा पडायला लागला.

मग तुम्ही गावी परतलात आणि थोड्याच दिवसांत वारलात. हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. रूममेट चष्मा पुसत पलीकडून ओरडतोय, "एवढं काय लिहितोस? बर्लिन का अॅम्स्टरडॅम, एक सांग!" अॅम्स्टरडॅम. तुमचा बार असो नसो. कुठलाही चालेल, जमीन लाकडी पाहिजे. त्याचा चष्मा मी माझ्या खिशात ठेवीन.

आणि चाचा, बाहेर दगडी पायरीवर उभ्या माणसाच्या पायाखाली आतली जमीन थरथरत नाही. हे माझ्या डोक्यात एवढ्या वर्षांनी, शहरांवरून भांडताना आलं. तुम्ही आत गेला होतात. कोणाबरोबर, ते मी विचारत नाही. मला आत पाय टाकायची भीती वाटते, तेवढं कबूल करतो. बाकी मी काही सांगणार नाही.