कपाटावरचा सहलीचा कागद

अहो,

मी शेजारच्या वहिनींकडे बसले आहे. आल्या आल्या हाका मारत जिन्यात धावू नका.

झालं असं, की सकाळी कपाटाच्या दारावर आपल्या समुद्राच्या सहलीचा कागद दिसला. अक्षर माझंच. आखणी अशी चोख, की स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलंय, उगाच नाही! पहिल्या दिवशी नुसतं लोळायचं. दुपारी तुमच्या गुडघ्याला शेक. दीपगृह खालूनच बघायचं, पायऱ्या चढायच्या नाहीत. बस नऊची, आणि तुमचा पत्ता नाही! म्हणून बॅग भरून एकटीच निघाले.

फाटकाशी वहिनींनी अडवलं. "ताई, परवाच तर आलात तिथून!" मी चिडले. त्यांनी मी आणून दिलेला शंख दाखवला. मला काही तो आठवेना.

घरी येऊन कागद नीट पाहिला. प्रत्येक ओळीपुढे तुमच्या लाल पेनाची खूण आहे. माझ्या चपलांत वाळूही निघाली. म्हणजे गेलो होतो आपण. मग मी कुठे होते?

तळाशी तुम्ही लिहिलंय, "सगळं ठरल्यासारखं झालं. दीपगृहापाशी ही पोट धरून हसली."

कशाला हसले हो मी? नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं तुमचं. आधी ते सांगा, मगच बॅग रिकामी करीन.