बाबांची फियाट आणि आठ जादा सळ्या

२ मार्च, रविवार
आजपासून बाबांच्या जुन्या फियाटचं इंजिन मी स्वतः घरी खोलून नवं करणार. भंवरकुआंला कोचिंगमध्ये अठरा वर्षं इंजिनाचं चॅप्टर शिकवतोय, मेकॅनिक कशाला? बाबांचं लायसन्स ३१ तारखेला संपतंय आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या सर्टिफिकेटला साफ नाही म्हटलंय. त्याआधी बाबांना एकदा स्वतः चालवत पलासियाला जायचंय. वीस दिवस पुष्कळ झाले.

५ मार्च
इंजिनाचं वरचं हेड उतरवलं. साबुदाण्याच्या पातेल्यात डिझेल ओतून नट धुतले. शैलजा म्हणाली, निदान विचारायचं तरी. बरोबर आहे. पण बायकोला विचारलं असतं तर पातेलं मिळालं नसतं, हेही बरोबर.

९ मार्च
मेकॅनिक रामभाऊ डोकावून गेले. म्हणे, भिया, खोलताना फोटो काढले ना? मी म्हटलं, मला प्रिन्सिपल माहीत आहे. ते इंजिनाला हात जोडून निघाले. प्रभावित झाले असावेत. हा माझा अहंकार तर नाही? विचार केला. नाही.

१९ मार्च, रंगपंचमी
गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला जायचं नाही, पिस्टनच्या रिंगा बसवायच्या, असं ठरलं होतं. गेलो. रंगलेल्या हातांनी रिंगा बसवणं शास्त्रीय नव्हे. काम बंद.

२३ मार्च
बाबा रोज सकाळी बूट घालून गाडीपाशी येऊन उभे राहतात. विचारत काहीच नाहीत. त्यापेक्षा विचारलेलं परवडलं.

२७ मार्च
इंजिन जुळलं! आठ सळ्या उरल्या. आठही सारख्या, म्हणजे उघडच जादा सेट. जुन्या कंपन्यांचं मन मोठं. पण निरुपयोगी वस्तू साठवण्याबद्दल मी इतरांना बोलतो, मग स्वतः कसं साठवू? पुसून, वेगळ्या पिशवीत भरून, वर 'लोखंड' लिहून सुक्या कचऱ्यात दिल्या. कचरागाडीवरची ताई म्हणाली, भैया, ये तो मशीन का सामान दिखता है, पक्का देना है? तिला वर्गीकरणाचं महत्त्व सांगितलं.

३० मार्च, पाडवा
गाडीला हार. बाबांनी चावी फिरवली. इंजिन नुसतंच गरगरलं. पेट्रोल जुनं असणार.
दुपारी ४.३०. नवं पेट्रोल घातलं. तेही जुनं निघालं.

३१ मार्च
शैलजानं रामभाऊंना बोलावलं. मी विरोध केला नाही. त्यांनी वरचं झाकण काढलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणे, उन्मेषजी, आठ पुशरॉड कुठायत? वॉल्व उघडणार कशानं? मी म्हटलं, सुक्या कचऱ्यात. म्हणे, पुसून दिले ना पण?

शेवटी त्यांच्या जीपला दोर बांधून गाडी पलासियापलीकडच्या वर्कशॉपला न्यावी लागली. ओढल्या जाणाऱ्या गाडीतही स्टिअरिंगवर कुणीतरी लागतंच. मी दार उघडलं, तर बाबा आधीच बसलेले. बूट पायात, लायसन्स खिशात. सगळा रस्ता ताठ बसून, प्रत्येक वळणावर हात बाहेर काढून नेली त्यांनी. उतरल्यावर म्हणाले, इतकी शांत गाडी जन्मात चालवली नव्हती.

आवाज कमी करणं हा माझा मूळ उद्देश होताच. २ तारखेला लिहायचं राहून गेलं.