शेळ्या पाळू नयेत म्हणणारीच्या नावे

मी, शेळ्या पाळून दोन मुलं वाढवलेली विधवा बाई, पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने हे लिहून ठेवते. कोणाचा दबाव नाही. लिहिताना मध्येच हसू येतं आहे ते भ्रमाने नाही, आनंदाने. वकीलबाईंनी याची वेगळी नोंद घ्यावी.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. त्याने घर सांभाळलं, मलाही सांभाळलं. स्वयंपाकघराचं गळकं छप्पर मात्र माझ्या हयातीतच दुरुस्त करावं. मेल्यावर मला त्याचा काय उपयोग?

२. गोठा, त्यामागचं कुरण, सगळ्या शेळ्या आणि चारा कापायचं यंत्र मुलीला. हो, मुलीलाच. लिहिण्यात चूक नाही.

कारण सांगते. मुलगी छापखान्यात काम करते. तिने लहानपणी बाटलीने पाजून वाढवलेला बोकड विकला गेला, तेव्हापासून ती मटणाला शिवत नाही. तिचे वडील म्हणायचे, "ताटावर वाद नको." ते गेले, तरी विषय झाकलेलाच राहिला. आज सकाळी ती गोठ्यात आली नि थेट म्हणाली, "आई, ज्याला मारायला द्यायचं त्यालाच जीव लावायचा, हे तुला जमतं कसं?"

"जीव न लावता मारायला देणारे बरे का?"

"देऊच नये म्हणते मी!"

"आणि चहात दूध घालतेस ते? दुधासाठी शेळी व्यायली की बोकडही होणारच. त्यांना काय शाळेत घालू?"

आवाज चढले. तेवढ्यात काळी शेळी कण्हायला लागली. करडू आडवं आलं होतं, आणि संधिवाताने माझी बोटं वळत नाहीत. मुलीने बाह्या सारल्या. मी सांगत गेले, ती आत हात घालून पाय चाचपत गेली. करडू बाहेर आलं, पण हलेना. तिने त्याचं नाकतोंड पुसलं, गवताने खसाखसा चोळलं, आणि ते शिंकलं! आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

बोकड होता.

"आता? याला जन्मभर कोण पोसणार?" मी विचारलं.

ती त्याच्यासमोर गवतात बसली. "माहीत नाही, आई. पण खाटकाकडे जाणार नाही."

बोकडाचं काय करायचं ते बोकड विकत नेणाऱ्या दलालाला माहीत असतं, माझ्या मुलालाही. ‘माहीत नाही’ म्हणत बोकडासमोर बसून राहिलेलं माणूस या गोठ्यात मी पहिल्यांदा पाहिलं. तिचं मला पटलेलं नाही. मी मटण खाते, खाईन. पण शेळ्या तिच्याच.

३. त्या वाढवाव्यात, कमी कराव्यात की म्हाताऱ्या होऊ द्याव्यात, ते तिने ठरवावं. माझी अट नाही. भावाने तिला वेडी म्हणू नये. म्हणायचंच तर मला म्हणावं.

४. करडं तंगडीला धरून गाडीत फेकणाऱ्या दलालाला फाटकाच्या आत घेऊ नये. सांगितलं तर हसतो मेला.

५. खुरं कापायची कात्रीही मुलीला. ती डावरी आहे, तेव्हा दुसरी घ्यावी लागेल.

६. सगळं मुलाच्या नावे असलेलं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

आणखी कलमं सुचत होती, पण मुलगी दारातून ओरडते आहे, "आई, ये लवकर! तुझ्या म्हणण्यातली चूक सापडली मला!" मरायला आता मला अजिबात वेळ नाही.

लिहून देणार: दोघांची आई (सही)
साक्षीदार: जनावरांची डॉक्टर (सही), शेजारचा लोहार (सही)
ठिकाण: गोठ्यालगतची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, दुपार