पोरं मागनं येत्यात

शनिवार, २ मे १९९८

पूजेला बसलो. इष्टलिंग तळहातावर, मन दुकानात. तसंच उठलो.

दुपारी बालनाट्याचे मास्तर आले. शाळेत चित्रकला शिकवतात, सुट्टीत पोरांची गाण्यांची नाटकं बसवतात. यंदा बैलाचं नाटक आहे. बैलाची घुंगुरमाळ हरवते आणि तो गाडी ओढायचंच सोडतो. "अण्णा, खरी माळ पायजे. पत्र्याची वाजवून बघितली, डबा घरंगळल्यासारखी वाजतीया."

दुकानात बैलांचे दोर, कासरे, म्होरक्या, माळा. गावोगावी ट्रॅक्टर आले तशा माळा खुंटीलाच. पाच-सहा वाजवून एक जुनी पितळी दिली. विकत नाही, वापरायला. मास्तर खूश. दोन पास ठेवले. "पुढच्या रविवारी, सकाळी धाला. पोरास्नी घेऊन या."

घरात पोरं नाहीत हे त्यांना ठाऊक नाही. पास खिशात घातले.

सोमवार, ४ मे

दुकान बंद. सौ.ला पास दाखवले. चेहरा उजळला. लगेच शेजारी दीपाला विचारायला गेली.

सहा वर्षं दर मे महिन्यात दीपाला घेऊनच जातो. गल्लीत सगळे म्हणतात, शेजारच्या पोरीची किती हौस करतात. हौस कुणाची ते आम्हा दोघांना माहीत. दीपा पहिल्या गाण्याला झोपायची. सौ. सगळी गाणी पाठ करून यायची, मग पावसाळाभर भाकरी थापताना तीच.

दीपा आता नववीत जाणार. म्हणाली, "काकू, मी काय ल्हान हाय व्हय? मैत्रिणी हसतील की."

सौ. हसून परत आली. तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच पुन्हा निवडत होती.

मंगळवार, ५ मे

पास देवाच्या कोनाड्यात. जायचं का, सौ.ला विचारलं. "न्हाई."

मग आपणहून बोलली. "पोर संगं असली की कुणी काय म्हणत न्हाई. तसंच जाऊन बसलो तर म्हणतील, सोताला लेकरू न्हाई, म्हणून दुसऱ्याची बघाय आल्यात."

लग्नाला चोवीस वर्षं. हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलली.

मी म्हणालो, आपण नाटक बघायला जातो.

"खरं सांगा. नाटकच व्हय?"



गुरुवार, ७ मे

तिचा प्रश्न पूजेतही सुटला नाही. मूल मागायचं मी केव्हाच सोडलं. आता शिवापुढे बसतो ते नुसतं बसायला. आज मात्र विचारलं, आम्ही तिथे कशाला जातो?

उत्तराऐवजी शाळा आठवली. गावात एकशिक्षकी शाळा, मी चौथीत. स्नेहसंमेलनात बैल होता. पुढचे पाय पाटलांचा नातू, मागचे पाय मी. वर गोणपाट. सगळं नाटक मी वाकून ऐकलं, दिसलं काहीच नाही. लोक कशाला हसले ते अजून कळलेलं नाही. घरी अव्वा, माझी आई, म्हणाली, मागचे पाय लई झ्याक चालले. तेवढंच.

म्हणजे दीपा नव्हती, लग्न नव्हतं, तेव्हापासून मला ते नाटक बघायचं राहिलंय.

हे सौ.ला सांगितलं.  तिनं उठून इस्त्रीचं लुगडं बाहेर काढून ठेवलं.

रविवार, १० मे

सगळं लिहून ठेवतो. उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

साडेनऊला पोहोचलो. दारात शामराव. दरवर्षी तोच असतो, आम्हाला ओळखतो. "अण्णा, आज पोरगी कुठाय?" बोलायचं ठरवून गेलो होतो, आम्ही दोघंच. तोंडातून आलं, "पोरं मागनं येत्यात."

"पोरं? किती?"

"दोन."

दोन का म्हणालो, देव जाणे.

आत गच्च. एकदा बोललो म्हणून शेजारच्या दोन खुर्च्यांवर एकीवर रुमाल, एकीवर भडंगाची पिशवी. सौ. बघत होती. कडेला पोरं उभी, आणि मी रुमाल धरून बसलेलो. सकाळी कपाळाला विभूती लावून आलेला माणूस.

तिसरी घंटा झाली. पडदा हलेना. मग माइक खरखरला. "मंगळवार पेठेतल्या दोरवाल्या अण्णांची दोन मुलं अजून आत आलेली न्हाईत. कुणाला दिसली तर दाराशी आणून सोडावीत. तवर नाटक थांबवलंय."

शामरावानं चांगुलपणानं केलेलं.

सगळं थेटर मागे वळून बघायला लागलं. "कापडं कसली घातल्यात ओ?" "रस्त्याकडं गेली असतील, गाड्या लई हाईत." मागून एक बाई माझ्यावरच ओरडल्या, "आवं, बसलाय काय निवांत! पळा की!" दोघे तरुण चप्पल तिथेच टाकून बाहेर धावले.

सौ.नं तोंडाला पदर लावलेला. खांदे हलत होते. रडते वाटलं. वाकून बघितलं तर हसत होती. हसू आवरेना तिला. "सांगा आता," म्हणाली, "कापडं कसली ती."

उभा राहिलो. पाय मागच्या पायांसारखे, आपले नव्हेतच.

"कुणी हरवलेलं न्हाई. आम्हाला पोरं न्हाईत. मी खोटं बोललो. आम्ही दोघंच आलोय, नाटक बघाय."

 पुढच्या रांगेत एक पाच-सहा वर्षांची चिमुरडी खुर्चीवर उलटी उभी होती. तिला खरंच कोडं पडलेलं. "मग तुमास्नी आणलं कुणी?"

मी सौ.कडे बोट केलं. "हिनं."

"हां," म्हणाली, आणि समाधानानं सरळ बसली.

सगळं थेटर हसलं. आम्हीही हसलो. रुमाल, पिशवी उचलली, कडेला उभी दोन पोरं शेजारी बसवली. भडंग त्यांनीच संपवलं.

पडदा वर. बैल आला. झुलीखाली दोन पोरं. मागचे पाय पुढच्यांशी जुळत नव्हते, मी लगेच ओळखलं. मग माळ वाजली. माझ्या खुंटीवरची माळ, पण तिचा आवाज मी कधी एवढा ऐकलाच नव्हता. मग ती हरवते आणि बैल गाणं म्हणत जंगलभर हिंडतो, प्रत्येकाला विचारतो, माझी माळ पाहिलीस का, आणि मागचे पाय भलत्याच दिशेला जातात. लोक याला हसले असणार. एकोणचाळीस वर्षांनी कळलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

दुसऱ्या गाण्याला सौ.ही पालुपद म्हणायला लागली. मोठ्यानं.

येताना रंकाळ्याच्या बाजूनं आलो, लांबचा रस्ता. मी म्हणालो, "त्या दिवशी विचारलंस न्हवं? नाटकच."

"आता कळलं व्हय? मला दुसऱ्या गाण्यालाच कळलं."

सोमवार, ११ मे

काल लिहिलं ते पुरतं खरं नाही. शेजारच्या पोराचं डोकं शेवटी माझ्या दंडाला टेकलं होतं. घामेजलेलं. ते हलू नये म्हणून टाळ्या हळू वाजवल्या. तेही आवडलं. पण बैल नाचत होता तेव्हा ते पोर शेजारी आहे हे मी साफ विसरलो होतो, हेही खरं. एकानं दुसरं खोटं होत नाही.

पूजा आज निवांत झाली. काही विचारायचं नव्हतं.

बुधवार, १३ मे

बातमी पेठभर. दुकानासमोरून जाणारा प्रत्येक जण, "अण्णा, पोरं आली का?"

दीपाची आई दारातूनच, "भावजी, मागनं येणार हुती ती कुठवर पोचली?"

 सौ. आतून, "येत्यात की! तुमीच वाटंत उभ्या हायसा, येतील कशी?"

दोघी पायरीवर बसून इतक्या हसल्या की चहा उतू गेला.

रविवार, १७ मे

मास्तर आले. पुढच्या रविवारी पुन्हा प्रयोग. माळ परत द्यायला आले वाटलं, पण अडचण वेगळीच. विंगेत माळ वाजवणारा पोरगा आजोळी राधानगरीला गेलाय.

सौ. चहा देता देता म्हणाली, "त्या दिवशी बी उशिरा वाजत हुती. पाय पडला की वाजाय पायजे, पडल्यावर न्हवं."

मास्तर बघतच राहिले. "वैनी, तुमीच वाजवा की."

ती नाही म्हणेल म्हणून मी तिच्या वतीनं तोंड उघडलं. तिनं बशी खाली ठेवली. "वाजवतो की."

बुधवार, २० मे

घरात बैल शिरलाय. भाकरी उलटताना माळ, विहिरीवर माळ. मला पुढे-मागे चालायला लावते. "अहो, पाय उचला. बैल असा चालतोय व्हय?"

रात्री जेवताना ध्यानात आलं. ती विंगेत. म्हणजे रविवारी खुर्चीवर मी एकटा. मूल नाही, बायकोही नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, बालनाट्याला, एकटा.

सौ.ला बोललो. म्हणाली, "मग? मास्तरांनी पास दिलाय न्हवं?"

शनिवार, २३ मे

दीपा दुकानात आली. कासऱ्याशी उगाच चाळा करत उभी. "काका, उद्या एकटं कसं बसशीला? मी येऊ?"

"मैत्रिणी हसतील की."

"तुमास्नी सोडाय आलो म्हणून सांगीन."

हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. यायचंच असेल तर सव्वानऊला घरी ये, एवढं म्हणालो. तिच्यासाठी म्हणालो की माझ्यासाठी, ठरवता आलं नाही.

रविवार, २४ मे

सौ. आठलाच गेली. माळ पिशवीत, तरी गल्लीच्या टोकापर्यंत वाजत गेली. दोन-तीन माणसं बैल बघायला दारात आली.

पूजा झाली. धुतलेला सदरा घातला. शामराव आज काय विचारेल आणि मी काय सांगेन, मनाशी बरंच जुळवलं, मग सोडून दिलं. भडंग घेतलंय. कुणी ना कुणी खाईल.

सव्वानऊ होऊन गेले. दीपाचा पत्ता नाही. आता थांबलो तर बैल आत येतो ते बघायचं राहील.

निघतो. पोरगी यायची असेल तर मागनं येईल.